मेणाचा एक हात

आज कवितेवर बोलणार नाही. आज मोटारीच्या रंगाबद्दल बोलायचे आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझी ओळख शाळेच्या पुस्तकापुरती. तरी हा विषय निवडला, कारण या विषयात मी एकदा चांगलाच फसलो आहे. आपली फसगत चारचौघांत सांगायला माणूस लाजतो. पण सांगितली तर एखाद्याचे पैसे वाचतात. म्हणून हा खटाटोप.

आमचे तेलगाव हे चौरस्त्याचे गाव. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. शेजारीच साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू झाला, की उसाचे ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रीघ लागते. अशा गावात गाड्या धुणाऱ्यांना कामाची वाण नाही. फाट्यावरच्या एका वॉशिंग सेंटरवर मी माझी जुनी मोटार नेतो. तिथला पोरगा मोठा बोलका. परवा गाडी धुऊन झाल्यावर म्हणाला, "चाचा, वॅक्स मारू का? गाडी नवी करून देतो."

मी विचारले, "वॅक्सनं होतं काय रे?"

"चमकते ना!"

"ते ठीक. पण रंग टिकतो का?"

त्याने क्षणभर विचार केला. "टिकत असंल. डबीवर तसंच लिहिलंय."

मित्रहो, गाडी चमकते का, हा एक प्रश्न झाला. रंग टिकतो का, हा दुसरा. आपण दोन्हींना एकच समजतो आणि घोटाळा तिथेच होतो. पहिल्याचे उत्तर सरळ 'हो' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'काही बाबतींत हो, काही बाबतींत मुळीच नाही' असे आहे. कुठे हो आणि कुठे नाही, तेवढे आज पाहू.

त्याआधी थोडे घरचे सांगतो. माझे वडील कल्हईवाले होते. आठवडी बाजाराच्या दिवशी ते आसपासच्या गावी जात. झाडाखाली जमिनीत लहानसा खड्डा करायचा, त्यात कोळसा पेटवायचा आणि भाता लावायचा. भाता मारण्याचे काम माझे. पितळेचे पातेले आधी वाळूने घासून लख्ख करायचे, निखाऱ्यावर तापवायचे, आत नवसागर टाकायचा. पांढरा धूर निघायचा, नाकाला झोंबायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून सगळीकडे फिरवायचे. बघता बघता पिवळे पातेले आतून चांदीसारखे व्हायचे. शेवटी पाण्यात बुडवले, की चर्रर्र आवाज.

बायाबापड्या म्हणायच्या, "चाचा, भांडं अगदी नवं केलंत." अब्बा हसायचे. नंतर मला म्हणायचे, "नवा कुछ नहीं होता, बेटा. भांडा बचता है, बस." पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली, की ती कळकते. मध्ये कथलाचा थर असला, की आंबट पदार्थ पितळेला शिवत नाही. थर घासला जातो, काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो. झिजायचे ते कथलाने, पातेले तसेच राहते. कल्हईचा सगळा व्यवहार एवढाच.

गाडीवरचे वॅक्स म्हणजे मेण, हीसुद्धा एक तऱ्हेची कल्हईच आहे. तीही पातळ, तीही झिजणारी आणि तीही पुन्हा पुन्हा द्यावी लागणारी. फरक असा, की कल्हईचे कथील तापलेल्या धातूला घट्ट चिकटते. मेण मात्र रंगावर नुसते बसते. म्हणून त्याचे आयुष्यही कमी.

आता मुळात गाडीचा रंग म्हणजे काय, ते पाहू. आपल्याला तो एकच थर वाटतो. आजकालच्या मोटारीच्या पत्र्यावर मात्र एकावर एक असे चार थर असतात. कारखान्यात पत्र्याचा सांगाडा आधी रसायनाने स्वच्छ करतात. मग रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. त्यामुळे कानाकोपऱ्यांत गंजरोधक थर बसतो. त्यावर प्रायमर, प्रायमरवर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर मोटारीचा सगळा रंग मिळून दीड-दोन केसांएवढा झाला. त्यातला वरचा पारदर्शक थर तर एका केसापेक्षाही पातळ. उन्हातली अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. रंगाचा खरा पहारेकरी हाच.

या पहारेकऱ्यावर आपण मेणाचा जो हात देतो, त्याची जाडी किती? पुसून झाल्यावर उरते ती जेमतेम एखादा मायक्रॉन, बहुधा त्याहूनही कमी. हा आकडा लक्षात ठेवावा. मेणाकडून काय अपेक्षा करायची आणि काय नाही, हे त्यावरूनच ठरते.

आधी चकाकीचे पाहू. माजलगावच्या धरणाचे पाणी शांत असले, की त्यात आख्खा चंद्र दिसतो. वारा सुटला, की त्याच पाण्यात चंद्राचे तुकडे होतात. पाणी तेच, चंद्र तोच. फक्त पृष्ठभाग हलला. गाडीचेही तसेच. रंग गुळगुळीत असला, तर प्रकाश एका दिशेने परततो आणि बॉनेटमध्ये आपला चेहरा दिसतो. त्यावर बारीक ओरखडे पडले, की प्रकाश वाटेल तिकडे फाकतो आणि रंग धुरकट दिसतो. उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा आपण पाहिल्या असतील. त्या बहुतेक वेळा धुण्या-पुसण्यातूनच पडतात. मेण या बारीक चरांत जाऊन बसते, पृष्ठभाग काहीसा सपाट होतो आणि प्रतिबिंब परत येते. म्हणून चकाकी वाढते. गडद रंगावर हा फरक लगेच कळतो. आपल्याकडे गाड्या बहुतेक पांढऱ्या. पांढऱ्यावर तो फारसा जाणवत नाही आणि लोक म्हणतात, पैसे वाया गेले. फरक डोळ्यांना दिसला नाही तरी मेणाचे बाकीचे काम पांढऱ्या गाडीवरही चालूच असते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मेणाने ओरखडा भरतो, जात नाही. ओरखडा घालवण्याचे काम पॉलिशचे किंवा रबिंग कंपाउंडचे. त्यांत अतिशय बारीक खर असते. ती रंगाचा वरचा थर किंचित घासून काढते, तेव्हा पृष्ठभाग सपाट होतो. म्हणजे दर पॉलिशला तुमचा पहारेकरी थोडा झिजतो. वर्षानुवर्षे दर महिन्याला हौसेने कंपाउंड मारले, तर दाराच्या कडांवर खालचा रंग, पुढे प्रायमरही दिसू लागतो. दुकानात 'वॅक्स-पॉलिश' असे एकत्र नाव असलेल्या डब्याही मिळतात; त्यांत दोन्ही असते. आपण काय लावतो आहोत, हे विचारून घ्यावे. मेण कितीदाही लावा, रंग झिजत नाही. पॉलिश मात्र मोजूनमापूनच करावे.

आता संरक्षणाकडे येऊ. मेण मुळात आहे काय? निसर्गाने ते पाणी अडवण्यासाठीच केले आहे. मोटारीच्या चांगल्या वॅक्समध्ये कार्नौबा नावाचे मेण असते. ब्राझीलच्या ईशान्य भागात, कोरड्या हवेत वाढणाऱ्या एका ताडाच्या जातीच्या पानांवर ते येते. तिथला उन्हाळा आपल्या मराठवाड्यासारखाच कडक. पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःच पानांना मेण लावून घेते. ती पाने तोडून वाळवतात आणि त्यांवरची भुकटी झटकून मेण गोळा करतात. मधमाशीचे मेण बासष्ट-त्रेसष्ट अंशांला वितळते. हे ऐंशीच्या वर टिकते. वैशाखात काळ्या बॉनेटचा पत्रा सत्तर अंशांच्या आसपास तापू शकतो, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

पण त्यासाठी ब्राझीलला कशाला जायचे? आमच्या तेलगावचा ऊस पाहा. कांड्यावर, पेऱ्याजवळ पांढरी भुकटी असते. ऊस सोलताना बोटांना लागते. ते मेणच आहे. रस गाळून उरलेल्या प्रेसमडमध्येही ते उतरते. आणि परसातला अळू तर सर्वांच्या माहितीचा. त्याच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल बसतो आणि पान हलले की घरंगळून जातो. 'अळवावरचे पाणी' हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. पानावरचा मेणाचा सूक्ष्म थर पाण्याला चिकटू देत नाही. नुकत्याच मेण लावलेल्या बॉनेटवर पावसाचे थेंब गोल बसतात, ती हीच गंमत.

याचा गाडीला उपयोग काय? पाणी चिकटत नाही, तसा चिखल आणि धूळही कमी चिकटते आणि पाण्याने सहज निघते. आपल्या भागात ही लहान गोष्ट नाही. हंगामात बगॅसची राख उडते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख वाहून नेणाऱ्या गाड्या परिसरातल्या रस्त्यांवरून जातात, तिचीही धूळ. राख हाताला मऊ लागते म्हणून आपण फसतो. तिच्यात काचेसारखे कठीण बारीक कण असतात. सकाळी उठून कोरडे फडके घेऊन आपण गाडी पुसतो, म्हणजे त्या कणांनी रंग घासतो. मेणाचा हात असला, की फडके घसरते, कण कमी रुततात. पण 'कमी' हा शब्द लक्षात घ्या. कोरड्या फडक्याची सवय सुटली नाही, तर मेण कुठवर पुरणार? आधी भरपूर पाणी मारून राख वाहून जाऊ द्यावी आणि मगच हात लावावा. रंग वाचवायचा हा पहिला नियम. त्याला पैसाही लागत नाही.

दुसरा उपयोग पक्ष्यांपासून. मी कवी असल्याने गाडी झाडाखाली लावतो. झाडावर पाखरे गातात आणि बॉनेटवर आपापली सही करून जातात. त्यांच्या विष्ठेत यूरिक ॲसिड असते. उन्हात रंग तापून मऊ होतो, विष्ठा वाळून आवळते आणि काही तासांत रंगावर डाग कोरला जातो. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात काचेवर आणि बंपरवर आपटणारे किडे, झाडाचा चीक, उसाच्या रसाचे शिंतोडे, यांचेही तेच. मेण असले तर या गोष्टी आधी मेणाला खातात, मग रंगापर्यंत पोचतात. म्हणजे आपल्याला धुवायला थोडा वेळ मिळतो. थोडाच, आठवडा नव्हे. ओल्या कापडाने डाग भिजवून त्याच दिवशी काढावा. दसऱ्याला गाडीची पूजा होते, तेव्हाही घरधन्याने हेच पाहावे. हार आणि ओले कुंकू बॉनेटवर आठ-आठ दिवस राहू देऊ नये. दुसऱ्या दिवशी पाण्याने पुसून घ्यावे, पूजेला काही उणेपण येत नाही.

आता मेण काय करत नाही, ते ऐका. रस्त्यावरून उडालेला दगड ते अडवत नाही. एका मायक्रॉनचा थर दगडाला काय अडवणार? चाव्यांचा, सायकलच्या हँडलचा, शेळीच्या शिंगाचा ओरखडा ते थांबवत नाही. ऊनही ते फारसे अडवत नाही. ते काम क्लिअर कोटचे. सावली किंवा शेड हा उन्हावरचा खरा उपाय आहे. कव्हर घालायचे तर गाडी धुऊन घालावे, नाहीतर वाऱ्याने हलणारे कव्हर धुळीसकट रंगावर रंधा मारत बसते. क्लिअर कोट सापाच्या कातीसारखा सुटू लागला असेल, तर मेण लावून तो परत चिकटत नाही. तिथे पेंटरच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मेण लावल्याने लागलेला गंज थांबत नाही. गंज आतून, खालून, सांध्यांतून येतो. मेण बाहेरून, वरून लागते. त्यांची भेटच होत नाही.

हे शेवटचे वाक्य मला पैसे देऊन शिकावे लागले. काही वर्षांपूर्वी अम्मा आजारी असायची. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात वरचेवर न्यावे लागे. एस.टी.त तिला बसवत नव्हते. धारूरचा घाट चढताना तिचे हाल पाहवत नसत. म्हणून शिल्लक होती ती काढली आणि एका मोठ्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानातून एक मोटार घेतली. गडद निळा रंग. दुपारच्या उन्हात अशी लखलखत होती, की बॉनेटमध्ये मला माझा चेहरा दिसला, मागचा निंब दिसला, आभाळ दिसले. मी कवी, मला एवढे पुरेसे झाले. दुकानदार म्हणाला, "एका हाताची गाडी आहे, रंग बघा." मी रंगच बघितला. बाकी काही बघितले नाही.

पहिला पावसाळा आला. दोन-चार वेळा गाडी धुतली गेली. आणि एके दिवशी पाहतो तो काय, निळाई मंदावलेली. बॉनेटभर जाळीसारखे ओरखडे. डाव्या बाजूची दोन्ही दारे बाकीच्या अंगापेक्षा किंचित वेगळ्या निळ्या रंगाची. मेण धुऊन गेले होते आणि त्याने झाकलेले सगळे उघडे पडले होते. पुढे गॅरेजमध्ये गाडी वर उचलली, तेव्हा मिस्त्रीने मला खाली बोलावले. अम्मा ज्या बाजूला बसायची, त्या दाराखालचा पत्रा त्याने स्क्रू-ड्रायव्हरने टोकला. टोक आरपार गेले. पुट्टी भरून वर रंग मारला होता. आतून पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. मिस्त्री एवढेच म्हणाला, "सर, यात पेशंट नेत होतात?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशाचे दुःख होतेच, पण अब्बांची आठवण त्याहून जास्त टोचत होती. बाजारात जुने भांडे घेताना ते म्हणायचे, "चमक देख के भांडा मत लेना. उल्टा कर, पेंदा देख." कल्हईवाल्याचा मुलगा मी. चकाकी कशी चढवतात, हे लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेला. आणि मीच गाडीचा पेंदा पाहिला नाही.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे. गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहा. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत. समोरून पाहू नका. बसून, बाजूने, तिरप्या नजरेने पत्र्यावरून पाहा. लाट दिसली तर तिथे काम झाले आहे. दाराच्या रबरावर किंवा काचेच्या कडेला रंगाचे शिंतोडे असतील, तर तो भाग पुन्हा रंगवला आहे. लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून लोखंडी पत्र्यावर फिरवा. जिथे पुट्टी जाड आहे, तिथे ते नीट धरत नाही. पायाखालची मॅट उचला, डिकीतले आच्छादन उचला. आणि शक्य असेल तर आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी वर उचलून पाहा. त्याला दोनशे-चारशे रुपये द्यावे लागले, तरी ते मेणाच्या डबीपेक्षा मोलाचे आहेत. पुन्हा रंगवलेली गाडी वाईटच असते, असे नाही. पण ते आपल्याला कळून घ्यावे आणि किंमत त्या हिशेबाने ठरवावी.

एवढे झाल्यावर मी मेणावर रागावलो का? काही दिवस रागावलो. मग लक्षात आले, की मेणाचा दोष काहीच नव्हता. त्याने त्याचे काम चोख केले होते. काय पाहायचे, ते मला कळले नव्हते. गंजलेला पत्रा कापून नवा जोडून घेतला, खालून गंजरोधक थर मारून घेतला आणि उरलेल्या रंगाची काळजी घेऊ लागलो. आता वर्षातून तीन-चार वेळा मी स्वतःच मेण लावतो. कसे लावतो, तेही सांगतो.

गाडी आधी वरून खाली धुवावी. टप सर्वांत आधी, चाके सर्वांत शेवटी. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळायचे. एकाच बादलीत सगळे केले, तर खाली बसलेली माती पुन्हा रंगावर येते. कपड्यांचा सोडा किंवा पावडर वापरू नये. ती मेण काढून टाकते. गाड्यांचा सौम्य शाम्पू मिळतो, तो बरा. आपल्या बोअरचे पाणी जड. ते वाळले, की चुन्याचे पांढरे ठिपके पडतात आणि मेण लावलेल्या गाडीवर थेंब गोल बसत असल्यामुळे ते जास्तच उठून दिसतात. म्हणून धुतल्याबरोबर मऊ कापडाने पाणी टिपून घ्यावे.

मग गाडी सावलीत, पत्रा थंड असताना मेण लावावे. एका वेळी एक भाग. अगदी थोडे घ्यावे. जाड थराने जास्त संरक्षण मिळत नाही; जास्तीचे मेण पुसण्यातच जाते, वर डाग राहतात. डबीवर सांगितले असेल तितका वेळ थांबावे, पांढुरकी झाक आली की स्वच्छ मऊ कापडाने पुसून घ्यावे. अनेक वेळा धुतलेले सुती धोतर असेल तर उत्तम. मायक्रोफायबरचे कापडही चांगले. काळ्या प्लॅस्टिकच्या भागांना मेण लागू देऊ नये, ते पांढरट दिसू लागतात. मॅट म्हणजे बिनचकाकीच्या रंगाच्या गाड्या निघाल्या आहेत. त्यांना हे मेण लावूच नये. नव्याने रंगवलेल्या भागाला पेंटर सांगेल तितके दिवस, निदान महिनाभर, विश्रांती द्यावी.

मोटारसायकलवाल्या पोरांना एक सूचना, आणि ही चकाकीची नव्हे, जिवाची आहे. टाकी आणि मडगार्डला मेण खुशाल लावा. सीटला, पायाच्या रबराला, टायरला आणि ब्रेकच्या चकतीला ते चुकूनही लागू देऊ नका. चकचकीत टायर दिसायला छान दिसतो आणि पहिल्याच वळणावर घसरतो.

काही ड्रायव्हर मंडळी डिझेलचे किंवा रॉकेलचे फडके मारून गाडी चमकवतात. ती चकाकी तेलाची. तासाभरात त्यावर धूळ बसते आणि पुसताना तीच रंगाला ओरखडते. शिवाय रबरे खराब होतात, ते वेगळेच. जुन्या, एकथरी रंगाच्या गाड्या कुणाकडे असतील, तर त्यांना मेणाचा उपयोग अधिक. त्यांच्यावर पारदर्शक थर नसतो. पांढरे कापड घासून पाहा. गाडीचा रंग कापडाला लागला, तर ती एकथरी समजावी. असा रंग उन्हाने खडूसारखा भुकटतो. हलके पॉलिश करून वर मेणाचा हात दिला, तर तो बरीच वर्षे साथ देतो.

मेण किती दिवस टिकते, हे गाडी स्वतःच सांगते. पाणी शिंपडून पाहावे. थेंब गोल बसले तर मेण आहे. पाणी चादरीसारखे पसरले तर ते गेले. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर कार्नौबाचे मेण काही आठवडे, फार तर दोन महिने राहते. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतात. हल्ली सिरॅमिक कोटिंग निघाले आहे. ते वर्ष-दोन वर्षे, कधी जास्तही टिकते, पण हजारांनी पैसे मागते. तेही दगड अडवत नाही आणि तेही गंज थांबवत नाही. ज्याची गाडी शेडमध्ये राहते आणि वेळच्या वेळी धुतली जाते, त्याने मेण लावले नाही तरी रंग वर्षानुवर्षे चांगला राहतो. ज्याची गाडी राखेत, उन्हात आणि झाडाखाली असते, त्याने ती नीट धुण्याची सवय आधी लावावी, मग मेणाचा विचार करावा. हात फिरवायला वेळ नसेल, तर निदान बोनस म्हणून मिळणाऱ्या चकाकीसाठी पैसे घालवू नयेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. खांद्याला हळद आणि तूप लावतो, शिंगे रंगवतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचे लक्ष शिंगांकडे असते. पण जाणता शेतकरी शिंगे रंगवण्याआधी खांद्यावरून हात फिरवून जू कुठे घासले आहे ते पाहतो. गाडीकडेही तसे पाहावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

वॉशिंग सेंटरवरच्या पोराला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "म्हणजे चाचा, मारू का नको?"

मी म्हणालो, "मार. पण आधी ती गाडी वर उचलायची मशीन आहे ना, तिच्यावर घे. मला खालून एकदा बघू दे."

त्याने गाडी वर घेतली. मी वाकून खालचा पत्रा पाहिला, डाव्या दाराखाली बोटाने टोकून पाहिले. पत्रा शाबूत होता. मग म्हटले, "हां, आता मार एक हात."

अम्मा आता नाही. गाडी अजून आहे.

 

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)